विंट गटातली गाठ कमी का पसरते? मेड्युलोब्लास्टोमा आणि मिर-१४८ए: एक प्रकरण अभ्यास

मेड्युलोब्लास्टोमा ही लहान मेंदूच्या भागात होणारी कर्करोगाची गाठ. मुलांच्या मेंदूत होणाऱ्या गाठींपैकी साधारण पाचवा हिस्सा हिचा असतो. सकाळी उठल्या उठल्या उलट्या, डोकेदुखी, चालताना तोल जाणं अशी सुरुवात होते. पुष्कळदा पोटाच्या औषधांत काही आठवडे निघून जातात, मग कुणीतरी एमआरआय करायला सांगतं. शस्त्रक्रियेत गाठ पूर्ण निघाली तरी धास्ती संपत नाही. या गाठीच्या पेशी मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सुटतात आणि आवरणांवर, पाठीच्या कण्यात, कुठेही रुजू शकतात. म्हणून डोक्यापासून माकडहाडापर्यंत किरणोपचार द्यावे लागतात: धोका सरासरी असेल तर २३.४ ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचं एकक), जास्त असेल तर ३६ ग्रे, आणि गाठीच्या जागेला मिळून सुमारे ५४ ग्रे. त्याची किंमत मूल पुढची सगळी वर्षं मोजतं. उंची खुंटते, संप्रेरकं कमी पडतात, शाळेत लक्ष टिकत नाही. त्यामुळे कोणाची गाठ पसरणार आणि कोणाची नाही, हे आधी कळण्याला इथे फार मोल आहे.

२०१२ मध्ये या आजाराचे चार रेणवीय गट सर्वमान्य झाले: विंट, एसएचएच (ही दोन नावं पेशीतल्या संकेतमार्गांवरून आली), गट ३ आणि गट ४. विंट गट सगळ्यांत लहान, एकूण रुग्णांच्या सुमारे १० टक्के. यातली ९० टक्क्यांहून अधिक मुलं पाच वर्षांनंतरही जिवंत असतात, आणि निदानाच्या वेळी गाठ पसरलेली असण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत राहतं. गट ३ मध्ये, विशेषतः पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या मिक जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील तर, चित्र उलटं. निदान होतं तेव्हाच चाळीस टक्क्यांच्या आसपास मुलांत गाठ पसरलेली असते. अवयव एकच, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशीही बऱ्याचदा सारख्याच, मग वागणुकीत एवढा फरक का?

याच्या एका उत्तराचा माग नवी मुंबईत खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन केंद्रात, डॉ. नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेने अनेक वर्षं काढला. मिर-१४८ए या मायक्रोआरएनएवरचं, म्हणजे दुसऱ्या जनुकांना आवर घालणाऱ्या एका छोट्या आरएनएवरचं, तेच काम इथे प्रकरण म्हणून घेतलं आहे. मायक्रोआरएनएच्या शोधनिबंधांचा आज ढीग आहे, पण एका मायक्रोआरएनएला रुग्णांच्या गाठीतल्या मोजमापापासून उंदराच्या मेंदूपर्यंत आणि तिथून त्याच्या नेमक्या लक्ष्यापर्यंत नेलेलं काम त्या मानाने थोडं आहे.

मायक्रोआरएनए इथे काय करतो

साधारण २२ अक्षरांचा हा आरएनए प्रथिन बनवत नाही, दुसऱ्यांचं बनणं कमी करतो. केंद्रकात आधी लांब धागा तयार होतो. ड्रोशा नावाचं विकर (एन्झाइम) त्याला कापून सुमारे ७० अक्षरांची केसपिनेसारखी घडी उरवतं. ती पेशीद्रवात आली की डायसर तिला आणखी छाटतं आणि उरलेला तुकडा आर्गोनॉट प्रथिनात बसतो. या तुकड्याची २ ते ८ क्रमांकाची अक्षरं, ज्यांना सीड म्हणतात, ज्या संदेशवाहक आरएनएच्या शेपटीशी जुळतात त्याचं भाषांतर मंदावतं किंवा तो मोडतो. जुळणी एवढ्या थोड्या अक्षरांची असल्यामुळे एका मायक्रोआरएनएची शेकडो लक्ष्यं संभवतात. त्यातलं नेमकं कोणतं लक्ष्य गाठीच्या वागण्याला जबाबदार आहे, हे ठरवणं हेच या क्षेत्रातलं सगळ्यांत कष्टाचं काम.

मोठ्यांमध्ये होणाऱ्या ग्लायोब्लास्टोमात मिर-२१ वाढलेला असतो. तो रेक आणि टिम्प-३ या आवर घालणाऱ्या प्रथिनांना दाबतो, त्यामुळे आजूबाजूचं जाळं कापणारी विकरं मोकाट सुटतात आणि पेशी शेजारच्या मेंदूत घुसतात. तिथे वाढलेला मायक्रोआरएनए आगीत तेल ओततो. विंट मेड्युलोब्लास्टोमात गोष्ट उलटी निघाली. वाढलेले काही मायक्रोआरएनए आवर घालणारे होते.

२०१० ची यादी आणि तिच्यातला पेच

खारघरच्या गटाने २०१० मध्ये विंट गाठींची मायक्रोआरएनए-ओळख प्रसिद्ध केली. मिर-१९३ए, मिर-२२४ आणि त्याचा जोडीदार मिर-४५२, मिर-१४८ए, आणि मिर-१८२, १८३, ९६ हा एकत्र नांदणारा समूह, हे सगळे विंट गाठींत चढलेले दिसले. मिर-१९३ए आणि मिर-२२४ बाहेरून घातल्यावर मेड्युलोब्लास्टोमाच्या पेशींची वाढ मंदावली आणि किरणांना त्या जास्त बळी पडू लागल्या.

२०१३ च्या पुढच्या कामात ४४ गोठवलेल्या आणि ५९ पॅराफिन मेणात जपलेल्या गाठी तपासल्या गेल्या. १२ प्रथिन-जनुकं आणि ९ मायक्रोआरएनए यांच्या रिअल-टाइम पीसीआर चाचणीने (यात जनुकीय तुकड्यांच्या प्रती वाढवत मोजतात) चारही गट ९७ टक्के अचूकतेने वेगळे करता आले. गट ३ आणि गट ४ एकमेकांपासून सोडवणं नेहमीच्या इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने, म्हणजे प्रतिपिंडांनी प्रथिनं रंगवून, जमत नाही आणि डीएनएवरच्या रासायनिक खुणा वाचणारा मिथायलेशन अ‍ॅरे महाग पडतो. अशा वेळी साध्या पीसीआर यंत्रावर चालणारी चाचणी हाती असणं भारतातल्या रुग्णालयांना फार मोठा आधार आहे.

याच कामातली एक बाब आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची. विंट आणि एसएचएच वगळता उरलेल्या गाठींत मिर-१८२ वाढलेला किंवा मिर-५९२ घटलेला असेल, तर मुलांचं आयुर्मान लक्षणीयरीत्या कमी दिसलं. म्हणजे जो मिर-१८२ सगळ्यांत चांगल्या गटाच्या यादीत आहे, तोच वाईट गटात धोक्याची खूण ठरतो. २०१२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनीही दाखवलं होतं की एसएचएच नसलेल्या मेड्युलोब्लास्टोमात मिर-१८२ आवरणांवर गाठ पसरायला मदत करतो.

यातून वाचनाचा क्रम ठरतो. आधी गट निश्चित करायचा, मगच मिर-१८२ चा आकडा पाहायचा. अहवालात नुसतं ‘मिर-१८२ वाढलेला’ असं लिहिलं तर वाचणारा डॉक्टर विंट गटातल्या मुलाला जास्त धोक्याचं समजू शकतो, आणि त्या चुकीची किंमत म्हणजे कण्याला १२.६ ग्रे जादा किरणोत्सर्ग. मायक्रोआरएनएचं ‘चांगलं’ किंवा ‘वाईट’ असं कायमचं वर्गीकरण करणारे तक्ते म्हणूनच धोकादायक आहेत.

ब्लॉकमधून मोजमाप: कुठे बिघडतं

टाटाला येणाऱ्या कितीतरी मुलांची शस्त्रक्रिया आधी गावाकडच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात झालेली असते आणि पालक पिशवीत ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड घेऊन येतात. त्या ब्लॉकमधला आरएनए शे-दोनशे अक्षरांच्या तुकड्यांत मोडलेला असतो. फाटक्या वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचता येत नाही, पण चार ओळींची छोटी जाहिरात शाबूत सापडते, तसं इथे होतं: हजारो अक्षरांचा संदेशवाहक आरएनए हाती लागत नाही, २२ अक्षरांचा मायक्रोआरएनए मात्र टिकतो. चाचणीत तो घेण्यामागचं मुख्य कारण हेच.

तरी ब्लॉक कसा बनला यावर पुष्कळ अवलंबून असतं. ऊतीच्या दहापट १० टक्के बफर केलेलं फॉर्मालिन आणि एक दिवसाचं स्थिरीकरण ही चांगली पद्धत. बफर नसलेलं फॉर्मालिन आम्लधर्मी होतं आणि न्यूक्लिइक आम्लं खराब करतं. आठवडाभर फॉर्मालिनमध्येच राहिलेल्या तुकड्यातून आरएनए निघतो, पण पीसीआरमध्ये चालत नाही.

कामाचा क्रम असा. आधी नेहमीच्या एचअँडई रंगांनी रंगवलेल्या स्लाइडवर पॅथॉलॉजिस्ट गाठीचा भाग खुणेने दाखवतात. ब्लॉकचे वरचे दोन-तीन काप टाकून द्यायचे, कारण हवेला उघडा राहिलेला पृष्ठभाग खराब झालेला असतो. नंतर ५ ते १० मायक्रॉन जाडीचे तीन-चार काप घेऊन खुणेबाहेरचा भाग खरवडून काढायचा. झायलीनने मेण काढायचं, अल्कोहोलने धुऊन पूर्ण सुकवायचं, प्रोटिनेज-के विकराने प्रथिनं पचवायची, आणि मग ८० अंश सेल्सियसला सुमारे १५ मिनिटं ठेवून फॉर्मालिनने घातलेले रासायनिक बंध सोडवायचे. ही उष्णतेची पायरी गाळली तर उलट-प्रतिलेखनाचं, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर जागोजागी अडतं. नंतरची चूक आरएनए धरून ठेवणाऱ्या स्तंभाशी होते. नेहमीच्या किटमध्ये अल्कोहोलचं प्रमाण कमी ठेवलेलं असतं, त्यात २०० अक्षरांखालचे तुकडे स्तंभाला चिकटतच नाहीत आणि धुण्यासोबत वाहून जातात. लहान आरएनए धरून ठेवणारीच पद्धत वापरायला हवी.

२२ अक्षरांवर नेहमीचे दोन प्रायमर (प्रत काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) बसत नाहीत. म्हणून स्टेम-लूप प्रायमर वापरतात. तो मायक्रोआरएनएच्या टोकाला जोडला जाऊन प्रतीची लांबी वाढवतो आणि अपूर्ण, न छाटलेल्या रूपाला सहसा पकडत नाही. एका प्रतिक्रियेला सुमारे १० नॅनोग्रॅम आरएनए पुरतो. तुलनेसाठी आरएनयू-४८ सारखा स्थिर लहान आरएनए घेतात.

आकडेमोड सोपी आहे, पण फसवीही. सीटी म्हणजे आरएनए दिसून यायला पीसीआरच्या किती फेऱ्या लागल्या तो आकडा. दर फेरीत प्रती दुप्पट होतात, म्हणून सीटी जितका कमी तितका आरएनए जास्त. समजा एका गाठीत आरएनयू-४८ चा सीटी २४ आणि मिर-१४८ए चा २५ आला, तर फरक १. दुसऱ्या गाठीत हेच आकडे २४ आणि ३० आले, तर फरक ६. दोन गाठींमध्ये पाच फेऱ्यांचं अंतर म्हणजे पहिलीत मिर-१४८ए ३२ पट जास्त. आता दुसरा ब्लॉक जुना असून त्यातला आरएनयू-४८ थोडा झिजला आणि त्याचा सीटी २६ झाला, तर तोच फरक ४ दिसेल आणि ३२ पटीचे ८ पट होतील. संदर्भाचा सीटी नेहमीच्या पट्ट्यात नसेल तर निकाल देऊ नये, नवे काप घ्यावेत. ३५ च्या पुढचा सीटी म्हणजे जवळजवळ काहीच नाही. त्यावर ‘घट’ लिहिणं चुकीचं.

शेजारच्या निरोगी लहान मेंदूची भेसळ हा आणखी एक घोटाळा. त्यावर हाताशी असलेला उपाय म्हणजे मिर-२०६. हा निरोगी लहान मेंदूत भरपूर असतो आणि मेड्युलोब्लास्टोमाच्या चारही गटांत घटलेला असतो, हेही खारघरच्याच कामातून पुढे आलं. नमुन्यात मिर-२०६ ठळक दिसला तर आधी स्लाइड पुन्हा पाहावी. रक्ताने माखलेल्या तुकड्यात मिर-४५१ वर चढतो, कारण लाल पेशींत तो ठासून भरलेला असतो.

खूण की कारण

विंट गाठींत मिर-१४८ए जास्त असतो, एवढ्यावरून तो गाठ पसरू देत नाही असं म्हणता येत नाही. तो विंट संकेतमार्गाचा नुसता उपपरिणामही असू शकतो. २०१५ च्या कामात या प्रश्नाला थेट हात घातला गेला.

विंट गटाच्या नीट वाढणाऱ्या पेशी प्रयोगशाळांत दुर्मिळ आहेत. म्हणून उलटा मार्ग घेतला: विंट नसलेल्या मेड्युलोब्लास्टोमाच्या पेशींत मिर-१४८ए व्यक्त करायचा आणि त्या विंटसारख्या वागू लागतात का ते बघायचं. तशा त्या वागू लागल्या. वाढ मंदावली, एकट्या पेशीपासून वसाहत उभी करण्याची क्षमता घटली, आणि घुसखोरी कमी झाली.

घुसखोरी मोजण्याची नेहमीची पद्धत म्हणजे ८ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यावर मॅट्रिजेलचा, म्हणजे पेशींभोवतीच्या जाळ्यासारख्या जेलचा थर. वरच्या कप्प्यात सीरमविना पेशी, खाली सीरमचं आमिष. ठरलेल्या वेळाने पडद्याच्या खालच्या बाजूला पोचलेल्या पेशी रंगवून मोजायच्या. या चाचणीत एक ठरलेली फसगत आहे. ज्या मायक्रोआरएनएने वाढच मंदावते, त्याच्या बाबतीत खाली कमी पेशी दिसणारच, घुसखोरी कमी झाली असो वा नसो. म्हणून चाचणी पेशी दुप्पट होण्याच्या वेळेपेक्षा लवकर संपवायची आणि त्याच तासांना बाजूच्या तबकात एकूण पेशीही मोजायच्या. शोधनिबंध वाचताना हा जोड-प्रयोग आहे का ते आधी पाहावं. नसेल तर घुसखोरीच्या आलेखाला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरी फसगत प्रमाणाची. कृत्रिम मिमिक, म्हणजे मायक्रोआरएनएच्या नकला, पेशींत सोडले की मायक्रोआरएनएची पातळी गाठीत कधीच नसते इतकी चढते, आर्गोनॉटच्या जागा तोच बळकावतो आणि इतर मायक्रोआरएनए बेकार होतात. मग दिसणारा परिणाम मिर-१४८ए चा की या गर्दीचा, ते सांगता येत नाही. व्यक्त झालेली पातळी खऱ्या विंट गाठीतल्या पातळीशी ताडून पाहणं हाच यावर इलाज.

नंतरची पायरी उंदरांची. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या लहान मेंदूतच पेशी टोचल्या, कातडीखाली नव्हे. घुसखोरीच्या अभ्यासात हा फरक निर्णायक असतो, कारण कातडीखालच्या गाठीला भेदायला मेंदूची ऊतीच नसते. मिर-१४८ए असलेल्या गाठी लहान राहिल्या आणि त्यांच्या कडा रेखीव दिसल्या. एरवी अशा गाठींच्या कडेला पेशींची टोकं शेजारच्या ऊतीत शिरलेली दिसतात. इथे गाठ आणि निरोगी भाग यांमधली रेघ स्पष्ट होती.

लक्ष्य सापडलं: न्यूरोपिलिन-१

शेकडो संभाव्य लक्ष्यांतून न्यूरोपिलिन-१ पुढे आलं. हे पेशीच्या पृष्ठभागावरचं सह-ग्राहक प्रथिन. चेतातंतूंना वाट दाखवणारी सेमाफोरिन आणि रक्तवाहिन्या वाढवणारा व्हीईजीएफ, दोन्ही त्याच्यावर बसतात. एकाच प्रथिनातून पेशीच्या हालचालीला आणि रक्तपुरवठ्याला चालना मिळते.

एखादं लक्ष्य थेट आहे हे दाखवायला दोन प्रयोग लागतात. पहिल्यात लक्ष्याच्या शेपटीचा भाग ल्युसिफरेज या चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाला जोडतात. मायक्रोआरएनए असताना चमक घटली पाहिजे आणि सीड जुळणारी अक्षरं बदलली की ती परत आली पाहिजे. दुसरा, अधिक कठीण प्रयोग म्हणजे पुनःस्थापना: मिर-१४८ए असलेल्या पेशींतच न्यूरोपिलिन-१ परत घालायचं. त्यासाठी त्याची शेपटी कापलेली रचना वापरावी लागते, नाहीतर मिर-१४८ए तिलाही दाबतो आणि प्रयोग फुकट जातो. खारघरच्या कामात न्यूरोपिलिन-१ परत मिळाल्यावर घुसखोरी परतली, उंदरांत गाठ उभी करण्याची ताकदही परतली. या प्रयोगामुळेच ‘खूण’ की ‘कारण’ हा संभ्रम मिटला. पुनःस्थापना नसती तर हे काम एका यादीपुरतंच राहिलं असतं.

रुग्णांच्या गाठींतही हेच चित्र जुळलं. बहुतेक विंट गाठींत न्यूरोपिलिन-१ अगदी कमी किंवा नाहीच, आणि ते जिथे जास्त तिथे आयुर्मान कमी. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने अगदी वेगळ्या वाटेने दाखवलं होतं की प्लासेंटल ग्रोथ फॅक्टर हे वाढीला चालना देणारं प्रथिन न्यूरोपिलिन-१ मार्फत मेड्युलोब्लास्टोमाची वाढ आणि प्रसार घडवतं, आणि ही जोडी तोडली की दोन्ही आटोक्यात येतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन वाटा एकाच प्रथिनाशी येऊन मिळतात तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला जागा असते.

रेखीव कड म्हणजे सुरक्षित कणा नव्हे

इथे मात्र थांबून विचार करायला हवा. मॅट्रिजेल आणि उंदराच्या गाठीची कड शेजारच्या ऊतीत शिरणं मोजतात. मेड्युलोब्लास्टोमा प्रामुख्याने द्रवातून वाहून आवरणांवर रुजतो. त्यासाठी पेशीला मूळ गाठीपासून सुटावं लागतं, द्रवात आधाराविना तग धरावा लागतो, नव्या जागी चिकटावं लागतं. मिर-१४८ए यातल्या पहिल्या पायरीला अटकाव करतो असं म्हणायला आधार आहे. बाकीच्या पायऱ्यांबद्दल तेवढ्याच ठामपणे बोलता येत नाही.

याचा दाखला टाटा मेमोरियल सेंटरमध्येच झालेल्या एका उपचार-अभ्यासात आहे. कमी धोक्याच्या विंट मुलांना पूर्ण मज्जाक्षाचा (संपूर्ण मेंदू आणि कण्याचा) किरणोत्सर्ग न देता फक्त गाठीच्या जागेला द्यायचा आणि सोबत केमोथेरपी, असा तो आराखडा होता. काही मुलांत मेंदूच्या इतर भागांत किंवा कण्यात आजार उलटला आणि अभ्यास मुदतीआधी थांबवला गेला. २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे विंट गाठीच्या पेशीही द्रवात सुटतात. कण्याला दिलेला माफक किरणोत्सर्ग त्यांना संपवतो. विंट गटात कपात करायची ती २३.४ वरून १८ ग्रेच्या आसपास, शून्यावर नाही, ही दिशा त्यानंतर अधिक पक्की झाली.

विंट मुलं बरी होतात त्याचं सगळं श्रेय मिर-१४८ए ला देणंही बरोबर नाही. २०१६ मध्ये दिसून आलं की विंट गाठी स्वतःच विंट संकेत रोखणारे असे अवरोधक स्रवतात की त्यांच्या रक्तवाहिन्यांचा रक्त-मेंदू अडसर, म्हणजे रक्तातली द्रव्यं मेंदूत शिरू न देणारी भिंत, ढिला पडतो आणि केमोथेरपीचं औषध आत भरपूर शिरतं. कमी घुसखोरी, किरणांना जास्त बळी पडणं आणि आत पोचणारं औषध, तिन्ही गोष्टी एकाच गाठीत एकत्र येतात.

उपचार म्हणून

गट ३ च्या मुलांना मिर-१४८ए किंवा मिर-१९३ए देता येईल का, हा पुढचा साहजिक प्रश्न. मिर-१९३ए बद्दल २०२० मध्ये खारघरहूनच आलेलं काम आशादायक आहे. मिकच्या प्रती वाढलेल्या गट ३ च्या पेशींत तो परत आणल्यावर वाढ थांबली आणि किरणांचा परिणाम वाढला. त्याच्या लक्ष्यांत मिकचा जोडीदार मॅक्स हेही आहे. पण हे सगळं पेशींत आणि उंदरांत, आधीच आत बसवलेल्या जनुकाच्या जोरावर. बाहेरून देताना उघडा आरएनए रक्तात काही मिनिटांत मोडतो, मेदाच्या कणात गुंडाळला तर बहुतांश यकृतात अडकतो, आणि गट ३ च्या रक्तवाहिन्यांचा अडसर विंटसारखा ढिला नसतो. मेंदूबाहेरच्या कर्करोगांसाठी मिर-३४ए चं मेदकणातलं औषध माणसांत तपासलं गेलं, तेव्हा गंभीर प्रतिकारशक्ती-प्रतिक्रियांमुळे ती चाचणी २०१६ मध्ये बंद करावी लागली.

त्यामुळे आज मिर-१४८ए चा खरा उपयोग निदानात आहे. अहवालात गट आधी लिहावा, विंट गट असेल तर त्याला बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचं केंद्रकातलं रंजन आणि ते प्रथिन बनवणाऱ्या सीटीएनएनबी-१ जनुकाच्या तिसऱ्या एक्सॉनमधला बदल यांची जोड द्यावी, संदर्भ आरएनएचा सीटी आणि ब्लॉकचं वय नोंदवावं, आणि गट ३-४ असेल तरच मिर-१८२ व मिर-५९२ वरून धोक्याचा उल्लेख करावा. पीसीआर आणि रंजन यांचं जुळत नसेल तर किरणोपचारांची मात्रा ठरवण्याआधी मिथायलेशन तपासणी करून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार सुरू व्हायला सहसा चार ते सहा आठवडे मिळतात. ब्लॉक वेळेत पोचला तर एवढ्यात हे सगळं बसतं.